दोन पौंडांपासून दोनशे पौंडांपर्यंत: शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लिश नटीचा हिशेब

१९११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये व्यवसायाच्या रकान्यात ‘नटी’ असं लिहिणाऱ्या स्त्रिया नऊ हजारांच्या वर होत्या. आज त्यातल्या मोजक्याच नावांना ओळख उरली आहे: एलेन टेरी, मिसेस पॅट्रिक कॅम्बेल, सिबिल थॉर्नडाइक, ग्लॅडिस कूपर. या बड्या बायकांची चरित्रं वाचून त्या काळाचं चित्र रंगवलं की ते हमखास चुकतं. पुष्पगुच्छ दिसतात, पण तालमीचे पैसे मिळायचे का, साडेसातच्या प्रयोगाचा झगा कुणी शिवून दिला, हे दिसत नाही. या धंद्यातली बाई वर का गेली आणि अचानक गायब का झाली, याचं उत्तर बहुतेक वेळा तिच्या पगाराच्या आणि कराराच्या कागदात असतं.

आधी नाणी. तेव्हा एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगाचे १२ पेन्स. गिनी म्हणजे २१ शिलिंग. कोरसमधल्या, म्हणजे समूहात नाचगाणं करणाऱ्या मुलीला आठवड्याला साधारण दीड ते दोन पौंड मिळत. लायसियम थिएटरमध्ये हेन्री आयर्व्हिंगसोबत नायिका करणाऱ्या एलेन टेरीचा आठवडा २०० पौंडांचा होता. एकाच धंद्यात शंभरपट फरक, आणि मधल्या पायऱ्या फार थोड्या. आपल्याकडे व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगामागे ‘नाइट’ मिळते. लंडनला हिशेब आठवड्याचा होता. आठवडा म्हणजे आठ प्रयोग, सहा रात्रीचे आणि दोन दुपारचे.

शिरायचं कसं

विसावं शतक सुरू झालं तेव्हा अभिनयाची शाळा ही गोष्टच नवी होती. नटमालक हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी १९०४ मध्ये आपल्या हिज मॅजेस्टीज थिएटरात अकादमी काढली, ती पुढच्याच वर्षी गावर स्ट्रीटला गेली. १९०६ मध्ये एल्सी फोगर्टी या बाईंनी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उच्चार आणि आवाजाची शाळा सुरू केली. ज्यांना फी परवडत नव्हती त्या मुली जुन्याच वाटेने येत: नट घराण्यात जन्म, नाहीतर गावोगाव फिरणारी मंडळी. एलेन टेरी पहिल्या प्रकारातली. १८५६ मध्ये, नऊ वर्षांची असताना, चार्ल्स कीन यांच्या मंडळीत ती छोट्या राजपुत्राच्या भूमिकेत उभी राहिली होती.

फिरत्या मंडळीत शिक्षण भरपूर मिळे. आठवड्याला चारपाच वेगळी नाटकं, म्हणजे पाठांतर पक्कं. माइक नाही, म्हणजे शेवटच्या गॅलरीपर्यंत आवाज पोचवण्याची सवय. धोकाही तिथेच होता. ‘नवोदितांना संधी’ अशी जाहिरात द्यायची, मुलीकडून प्रवेशाचे पैसे घ्यायचे, दोनतीन गावं फिरायची आणि गल्ला कमी पडला की रातोरात पसार व्हायचं, हा काही मालकांचा उद्योगच होता. मुलगी परक्या गावात, खोलीचं भाडं थकलेलं, परतीचं तिकीट नाही. हे इतकं वाढलं की १९२५ मध्ये नाट्यमालकांची सक्तीची नोंदणी करणारा कायदा आणावा लागला.

करारात काय असे आणि काय नसे

तालमीचे पैसे नसत. नव्या नाटकाला चार ते सहा आठवडे तालीम, संगीत नाटकाला त्याहून जास्त. समजा पगार तीन पौंडांचा आहे, सहा आठवडे तालीम झाली आणि नाटक पहिल्याच आठवड्यात आपटलं. सात आठवड्यांच्या कामाचे ६० शिलिंग, म्हणजे आठवड्याला साडेआठ. एवढ्यात लंडनमध्ये खोली आणि जेवण दोन्ही भागत नसे. म्हणून त्या काळातल्या नटीची कारकीर्द बघताना तिने किती नाटकं केली यापेक्षा प्रत्येक नाटक किती आठवडे चाललं ते बघावं. वर्षात सहा नाटकं म्हणजे ‘फार मागणी’ असं वाचणाऱ्याला वाटतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ सहा वेळा फुकट तालीम आणि सहा वेळा बेकारी असा असतो.

दुसरा खड्डा कपड्यांचा. ऐतिहासिक नाटकाचा कपडेपट मालकाचा. पण तेव्हाच्या चालू काळातलं दिवाणखानी नाटक असेल तर नटीने स्वतःचे झगे, टोप्या, हातमोजे, बूट आणायचे. ‘द एरा’ आणि ‘द स्टेज’ या धंद्यातल्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीत सरळ अट असे की रंगमंचावर आणि बाहेरही चांगले कपडे हवेत. उमरावाच्या बायकोची भूमिका, तीन अंक, तीन झगे, आणि एका चांगल्या झग्याची किंमत कित्येक आठवड्यांच्या पगाराएवढी. गरीब घरातली मुलगी शेक्सपिअरच्या मंडळीत का जात असे, याचं एक उत्तर कलेचं असेल. दुसरं मात्र नक्की कपड्यांचं होतं. आणि ‘नटीला झगे कोण घेऊन देतं’ ही समाजाची कुजबुजही याच अटीतून जन्मली.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची होती. १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यामुळे लग्नानंतरही तिची कमाई तिचीच राहत होती. नवऱ्याइतकं किंवा त्याहून जास्त कमावणारी बाई इतर धंद्यांत क्वचित सापडे, इथे ती नेहमीची होती. मिसेस पॅट्रिक कॅम्बेलचंच बघा. नवरा १८८७ मध्ये नशीब काढायला परदेशी गेला, पदरात दोन मुलं, आणि घर चालवण्यासाठी ती पूर्णवेळ रंगभूमीवर आली. १८९३ मध्ये सेंट जेम्स थिएटरातल्या एका नाटकाने ती एका रात्रीत मोठी झाली. नवऱ्याचं नाव तिने रंगमंचासाठी घेतलं ते कायमचं. तो १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मारला गेला, नाव पोस्टरवर राहिलं.

बाळंतपण म्हणजे बिनपगारी रजा, तीही परत घेतील याची खात्री नाही. त्यासाठी थिएट्रिकल लेडीज गिल्ड ही संस्था १८९१ पासून गर्भवती नट्यांना बाळाचे कपडे आणि मदत देत असे. तालमीचे पैसे, किमान पगार, नोटिशीची मुदत या गोष्टी करारात आणण्यासाठी १९१९ मध्ये नट संघटनेने प्रमाण करार करून घेतला, पण तो पाळून घेण्याची ताकद संघटनेत नव्हती. ती ताकद १९३० मध्ये इक्विटी ही नवी नट संघटना स्थापन झाल्यावर हळूहळू आली.

दौरा, आणि त्यातून मुंबई

लंडनमध्ये नाटक चाललं की मालक त्याच्या दोनतीन नकला काढी: मोठ्या शहरांसाठी पहिली मंडळी, मध्यम गावांसाठी दुसरी, लहान गावांसाठी तिसरी. संहिता, नाच, हातवारेसुद्धा लंडनसारखे. लंडनची नायिका जिथे हात कमरेवर ठेवते तिथेच हिनेही ठेवायचा. रविवारी प्रवास, सोमवारी नव्या गावात पडदा. क्रू हे रेल्वे जंक्शन इतक्या मंडळ्यांचं गाठीभेटीचं ठिकाण होतं की नोकऱ्यांच्या बातम्या तिथल्या फलाटावर कळत.

हाच साचा समुद्रापार नेला तो मॉरिस बँडमन यांनी. जिब्राल्टरपासून माल्टा, कैरो, मुंबई, कोलकाता, रंगून, सिंगापूर, हाँगकाँग ते योकोहामा, अशी त्यांची साखळी होती, आणि लंडनमध्ये गाजलेली संगीत नाटकं त्यांच्या इंग्लिश नट्या या गावांत करत. आपल्या चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस बँडमन आणि कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी करका यांनी मिळून उभारलं. १९११ मध्ये बांधकाम अर्धवट असतानाच पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटनही उरकलं. लंडनमध्ये दुसऱ्या फळीत अडकलेल्या मुलीला इथे नायिकेची भूमिका मिळे. बदल्यात रोज वेगळं नाटक, उकाडा, आणि लंडनच्या मालकांच्या नजरेआड काही महिने किंवा वर्षं. परतल्यावर तिला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागे, कारण मुंबईतल्या टाळ्या लंडनच्या वर्तमानपत्रांत फारशा छापून येत नसत. गिरगावात त्याच सुमाराला मराठी रंगभूमीवरच्या नायिका पुरुषच करत होते.

फोटोकार्डांचा धंदा

१८९० च्या दशकात जॉर्ज एडवर्ड्स यांनी गेयटी थिएटरात नव्या पद्धतीचं संगीत नाटक रुळवलं. दुकानातली गरीब पण हुशार, नखरेल मुलगी, शेवटी श्रीमंत नवरा, आणि भोवती अत्याधुनिक कपड्यांतल्या मुलींचा ताफा. काहींनी नाटकातला शेवट खराही केला. रोझी बूट १९०१ मध्ये हेडफोर्टच्या मार्क्विसची, म्हणजे एका बड्या उमरावाची बायको झाली. ब्रॅडफर्डची गर्टी मिलर आधी संगीतकार लायनेल मंक्टन यांची पत्नी होती, १९२४ मध्ये ते वारल्यावर ती डडलीची काउंटेस झाली. या लग्नांचा गाजावाजा फार. ताफ्यातल्या बाकीच्या मुली दोन पौंडांवर नाचत होत्या.

१९०२ मध्ये ब्रिटिश टपालखात्याने कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहायला परवानगी दिली, त्यामुळे पुढची अख्खी बाजू चित्रासाठी मोकळी झाली. तिकीट अर्ध्या पेनीचं. रोटरी फोटोग्राफिकसारख्या कंपन्या नट्यांची खरी फोटोकार्डं छापू लागल्या, आणि झीना व फिलिस डेअर या बहिणी, मेरी स्टडहोम, गॅब्रिएल रे, लिली एल्सी यांचे चेहरे घराघरांतल्या अल्बमांत गेले.

आता यातला कायदा बघा, कारण इथेच बऱ्याच जणींचे पैसे बुडाले. १८६२ च्या कायद्यानुसार फोटो काढून घेणाऱ्याने पैसे मोजले असतील तर हक्क त्याचा. फुकट काढला असेल तर फोटोग्राफरचा. स्टुडिओवाले नट्यांना अगत्याने फुकट बोलवत! प्रसिद्धी मिळते म्हणून नटी जाई, आणि कार्ड लाखांनी खपलं तरी वेगळा करार केला नसेल तर तिच्या हाती दमडी येत नसे. ज्या जणी हुशार होत्या त्या बसण्याआधी ठराविक रक्कम ठरवून घेत.

लिली एल्सीची गोष्ट या सगळ्या यंत्रणेची आहे. लीड्सजवळच्या आर्मलीत १८८६ मध्ये जन्म, लहानपणापासून रंगमंचावर. ८ जून १९०७ ला डेलीज थिएटरात ‘द मेरी विडो’ हे संगीत नाटक उघडलं तेव्हा ती २१ वर्षांची होती. मूळ व्हिएन्नातल्या प्रयोगात नायिकेची भूमिका भारदस्त ऑपेरा आवाजाची होती. हिचा आवाज गोड पण नाजूक. लुसील या प्रसिद्ध वस्त्रकार बाईंनी तिचे झगे केले, तिची ती अवाढव्य पिसांची टोपी तर शहरभर फॅशन झाली. नाटक ७७८ प्रयोग चाललं. आठवड्याला आठ वेळा तेच गाणं दोन वर्षं, माइकशिवाय. नाजूक गळ्याचं आणि मुळात लाजाळू माणसाचं यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. ती वरचेवर आजारी पडे आणि बदली नटी उभी राहत असे. १९११ मध्ये श्रीमंत घरात लग्न करून तिने रंगभूमी सोडली, मधूनमधून परतली, पण ती उंची पुन्हा आली नाही. चेहरा आणि एक भूमिका एवढ्याच भांडवलावर उभी राहिलेली कारकीर्द सहसा पाच ते सात वर्षांची असे.

ज्या मालकीण झाल्या

याच कार्डांवरची एक मुलगी वेगळी निघाली. ग्लॅडिस कूपर, जन्म १८८८. लहानपणी फोटोंसाठी बसली, १९०५ मध्ये दौऱ्यावर निघाली, मग गेयटीच्या ताफ्यात. सुंदर दिसते, पण लाकडासारखी उभी राहते, ही टीका तिने बरीच वर्षं ऐकली. १९१७ मध्ये तिने लंडनच्या प्लेहाउस थिएटरच्या व्यवस्थापनात भागीदारी घेतली आणि १९३३ पर्यंत ते थिएटर चालवलं. नाटक कोणतं, पगार किती, कपडे कुणाचे, हे आता ती ठरवत होती. स्वतःच्या नावाची सौंदर्यप्रसाधनं विकून चेहऱ्याचे पैसे तिने फोटोग्राफरऐवजी स्वतःकडे वळवले. पन्नाशी ओलांडल्यावर हॉलिवूडला गेली आणि तिथे कजाग आया, सासवा करून दुसरी कारकीर्द उभी केली.

तिच्याआधीही बायकांनी हे धाडस केलं होतं. लीना ॲशवेलने १९०७ मध्ये किंग्जवे थिएटर घेतलं, लिला मॅकार्थीने १९११ मध्ये लिटल थिएटर. ॲनी हॉर्निमन या नटी नव्हत्या, पण चहाच्या कंपनीतून आलेला पैसा त्यांनी मँचेस्टरच्या गेयटीत घातला आणि १९०८ पासून तिथे पगारी, कायम मंडळी ठेवली. एकच नाटक वर्षभर करण्याऐवजी आलटून पालटून बरीच. सिबिल थॉर्नडाइक तिथून घडली. तिला पियानोवादक व्हायचं होतं. हाताने दगा दिल्यामुळे ती अभिनयाकडे आली. १९१४ ते १९१८ मध्ये पुरुष नट युद्धावर गेले तेव्हा लिलियन बेलिस यांच्या ओल्ड व्हिकमध्ये तिने शेक्सपिअरच्या नायिकांबरोबर राजपुत्र हॅल आणि लिअरचा विदूषकही केला. मार्च १९२४ मध्ये बर्नार्ड शॉंच्या ‘सेंट जोन’ नाटकातली जोन ती उभी करू शकली ती या तयारीवर. तेव्हा ती ४१ वर्षांची होती. रंगमंचावरचं अंतर वयाला सांभाळून घेतं: मिसेस कॅम्बेलने १९१४ मध्ये शॉंच्याच ‘पिग्मॅलियन’मधली फुलं विकणारी पोरगी एलायझा केली तेव्हा ती ४९ ची होती.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९०८ मध्ये नट्यांनी ॲक्ट्रेसेस फ्रँचाइज लीग काढली, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. स्वतः कमावणाऱ्या, गर्दीसमोर बोलण्याची सवय असलेल्या बायका होत्या त्या. छोट्या नाटिका लिहून त्या सभांमधून करत, आणि इतर कार्यकर्त्यांना भाषणासाठी आवाज कसा लावायचा हेही शिकवत.

कॅमेऱ्यापुढे

सुरुवातीला सिनेमा म्हणजे रंगभूमीवर काम नसतानाची मजुरी. सेसिल हेपवर्थ यांनी १९०५ मध्ये वॉल्टन-ऑन-टेम्सला केलेल्या कुत्र्याच्या गाजलेल्या लघुपटात बाहेरून आणलेल्या नटांना अर्धी गिनी दिली, तीही लंडनहून येण्याच्या भाड्यासकट. अख्ख्या चित्रपटाचा खर्च सात पौंड १३ शिलिंग ९ पेन्स. पुढे हेपवर्थ यांनी आठवडी पगारावर स्वतःची मंडळी ठेवली. अल्मा टेलर आणि क्रिसी व्हाइट या दोन मुलींनी १९१० पासून टिली नावाच्या द्वाड पोरीची मालिका केली आणि त्या देशभर माहीत झाल्या.

तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. ओठांना लाली लावली की पडद्यावर ते काळे, गुलाबी गाल मळकट, आणि निळे डोळे पांढुरके, बुबुळ नसल्यासारखे. रंगमंचावरची तांबूस रंगभूषा तशीच लावून आलेली नटी पडद्यावर आजारी दिसे. उपाय म्हणजे चेहऱ्याला फिकट पिवळसर लेप, ओठांवर लाल जवळजवळ नाही. दिवे कार्बन आर्कचे. त्यांच्या अतिनील किरणांनी डोळे सुजत, पाणी गळत राही. दिव्यापुढे काच लावली तर त्रास कमी होई, पण प्रकाशही घटे, म्हणून घाईत असलेला कॅमेरामन काच काढायला लावी.

लंडनजवळ स्टुडिओ असल्याने नटी दिवसा चित्रीकरण करून रात्री प्रयोगाला उभी राहू शके. पैसे दुप्पट, झोप अर्धी, आणि संध्याकाळची गाडी चुकली की दोन्ही मालकांशी भांडण. इंग्लिश मूकपटांतला अभिनय नाटकी का वाटतो, याचं एक कारण या वेळापत्रकात आहे. एडिथ इव्हान्सने १९१५-१६ मध्ये मोजके मूकपट केले आणि मग १९४९ पर्यंत सिनेमाकडे फिरकली नाही. टोप्या शिवण्याच्या दुकानातून आलेली ती. रूपाची नव्हती, आवाजाची होती, आणि मुक्या पडद्याला तिचा उपयोग नव्हता.

१९२४ मध्ये हेपवर्थ दिवाळखोर झाले आणि त्यांच्या निगेटिव्ह वितळवायला विकल्या गेल्या. अल्मा टेलरचं बरंचसं काम त्यात गेलं.

आवाज आला

१९२७ च्या कायद्याने ब्रिटिश चित्रपटगृहांना देशी चित्रपटांचा वाटा दाखवणं सक्तीचं केलं, पाच टक्क्यांपासून पुढे २० पर्यंत. अमेरिकी वितरकांनी कोटा भरण्यासाठी स्वस्त चित्रपट काढवून घेतले. दर ठरलेला, फुटाला एक पौंड. बोलपट मिनिटाला ९० फूट पळतो. सहा हजार फूट म्हणजे सहा हजार पौंडांत सदुसष्ट मिनिटांचा चित्रपट, दोनतीन आठवड्यांत उरकलेला. दर्जा बेताचा, पण रंगभूमीवरच्या मुलींना काम भरपूर.

आवाजामुळे स्टुडिओतल्या सगळ्याच गोष्टी एकामागून एक बदलल्या. आर्क दिवे सूं सूं करतात म्हणून टंगस्टनचे बल्ब आले. टंगस्टनचा प्रकाश तांबूस, म्हणून लाल ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म सोयीची ठरली, आणि पिवळा लेप हद्दपार झाला. १९२९ मध्ये हिचकॉक यांच्या ‘ब्लॅकमेल’ची नायिका ॲनी ओंद्रा चेक उच्चारांची. आवाज नंतर जोडायची सोय नव्हती, म्हणून जोन बॅरी ही इंग्लिश नटी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभं राहून संवाद बोले आणि ओंद्रा नुसते ओठ हलवी.

मेबल पूल्टनला अशीही सोय मिळाली नाही. बेथनल ग्रीनच्या कामकरी वस्तीतली, थिएटरच्या कचेरीत टायपिस्ट असलेली ही मुलगी १९२८ मध्ये ‘द कॉन्स्टंट निंफ’ची नायिका होऊन देशातल्या पहिल्या काही नावांत गेली. तिचे उच्चार कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनच्या कामकरी वस्तीतले होते. सुखवस्तू घरातल्या नायिकेच्या तोंडी ते चालणार नाहीत असं निर्मात्यांनी ठरवलं, आणि दोनतीन वर्षांत तिला काम मिळेनासं झालं. उच्चारशिक्षण घेतलेल्या रंगभूमीवरच्या मुली तिच्या जागी आल्या.

जुनं कार्ड हाती आलं तर

कुणाच्या घरच्या अल्बममध्ये किंवा चोरबाजारात अशा नटीचं कार्ड मिळालं तर काही खबरदारी घ्यावी. टपालाचा शिक्का कार्ड पाठवल्याचं साल सांगतो. फोटो पाचसहा वर्षं जुना असू शकतो. केसांचे आणि झग्यांचे रंग कारखान्यात हाताने भरलेले असत, त्यावर विसंबू नये. नावापुढे ‘मिस’ आहे म्हणून ती अविवाहित होती असं नाही. एलेन टेरीची तीन लग्नं झाली, कार्यक्रमपत्रिकेत ती मिसच. वय मुलाखतींवरून ठरवू नका, तिथे दोनचार वर्षं सर्रास कमी केलेली असतात. जन्मनोंद आणि २ एप्रिल १९११ ची जनगणना एकमेकींशी ताडून पाहावी, पण रंगमंचावरचं नाव आणि खरं नाव वेगळं असेल तर शोध खऱ्या नावाने करावा लागतो. दौऱ्यावर असलेली नटी त्या रात्री भाड्याच्या खोलीत, भलत्याच गावात मोजली गेलेली सापडते, आणि मताधिकारवादी असेल तर कदाचित सापडणारच नाही: त्या रात्री मोजणीवर बहिष्कार घालून बऱ्याच जणी मुद्दाम घराबाहेर राहिल्या होत्या.